तीन महिन्यांना एक दिवस कमी

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर गुरुवारी साडेपाचला फुकट सल्ला मिळतो.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथे पायऱ्या एकोणतीस, आणि लिफ्ट बंद.
पाठ मोडलेला माणूस त्या चढून येतो
आणि धापा टाकत विचारतो,
पाठ मोडली हे सिद्ध कसं करायचं?

मी वकील नाही.
माझ्याकडे एक फॉर्म आहे, त्यात एक चौकट:
तुमचा प्रश्न, थोडक्यात.
वकीलबाई येईपर्यंत
माणसाला त्या चौकटीत बसवायचं, एवढंच माझं काम.

दाइवा पेत्राउस्कियेने. मासे कापायची लाइन, रात्रपाळी.
उजवी तर्जनी दुसऱ्या पेरापासून नाही.
जाळीचा हातमोजा मागितला होता?
मागितला होता.
लेखी?
ती हसली. "मुकादम समोर उभा होता.
समोर उभ्या माणसाला कोणी पत्र लिहितं का?"
मी लिहिलं: तोंडी.
मग तिने जे विचारलं ते चौकटीत मावेना.
नसलेलं बोट थंडीत ठणकतं,
त्याचे वेगळे मिळतात का?

कोस्तेलला हिशेब तोंडपाठ.
गमबूट, एप्रन, केसांची जाळी: घड्याळ सुरू व्हायच्या आधी बारा मिनिटं.
सुऱ्या धुणे, टेबल धुणे, हात धुणे: घड्याळ थांबल्यावर चौदा.
ही सव्वीस मिनिटं कोणाची?
अकरा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या त्याने
आइस्क्रीमच्या डब्यात आणल्या होत्या, तारखेने लावून.
झाकण काढलं तर व्हॅनिला,
आणि व्हॅनिलाच्या खाली हॅडॉक.

ग्लेनिस आणि तिचा दीर मर्विन.
मधे एक खुर्ची रिकामी ठेवून बसले.
धुरी देण्याच्या भट्टीत एकोणीस वर्षं भागीदार.
करार? "हात मिळवला होता," दोघं एकदमच म्हणाले
आणि एकमेकांवर चिडले.
दुकानाचं नाव कोणाचं, व्हॅन कोणाची,
इथपर्यंत मी लिहून घेतलं.
पण भट्टीच्या भिंतींवर बोटभर साचलेलं काजळ,
ज्याच्यावाचून माशाला ती चव येत नाही,
ते कोणाच्या वाट्याला घालायचं?
मर्विन म्हणाला, खरवडून अर्धं.
ग्लेनिस रडली.
जाताना एकाच गाडीतून गेले. गाडी एकच होती.

वकीलबाई येतात, ओला कोट खुर्चीला लावतात,
आणि काय झालं हे कधीच आधी विचारत नाहीत.
विचारतात, कधी झालं?
जखम असेल तर तीन वर्षं.
पगार कापला, कामावरून काढलं, तर
तीन महिन्यांना एक दिवस कमी.
तो एक दिवस कोणी काढून घेतला,
नऊ वर्षांत मी त्यांना विचारलेलं नाही.

माझे वडील एकवीस वर्षं ट्रॉलरवर होते.
आइसलंडचं पाणी बंद झालं, बोटी भंगारात गेल्या,
तेव्हा कळलं की कागदावर ते तात्पुरते.
एकवीस वर्षं तात्पुरते. म्हणून भरपाई नाही.
त्यानंतर घरातल्या सगळ्याला ते तोच शब्द लावायचे.
तात्पुरता चहा. तात्पुरता सोफा.
मला शाळेत सोडताना, चल गं तात्पुरते.
आम्ही हसायचो.
ते कुठल्याच जिन्याने वर गेले नाहीत.
सरकारचे पैसे आले तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.
आईने बॉयलर बदलला.
चांगला निघाला, अजून चालतो.

सात वाजले. रखवालदार किल्ल्या वाजवतो.
जिन्यावर कोणीतरी आहे.
मी सवयीने मोजते.
अठरा. एकोणीस.
बावीसवर पाऊल थांबतं, श्वास ऐकू येतो,
कठडा धरल्याचा आवाज.
मी पाटी उलटवत नाही.
नवा फॉर्म काढते, आजची तारीख घालते,
आणि दाराशी जाऊन खाली वाकून म्हणते,
सावकाश या. घाई नाही.

खरं तर घाई असते.